घंटी तेवढी पाठव

दारव्हा

प्रिय गड्या,

तुझ्या बाबांची गोदरेजची टाइपरायटर मशीन अजून आहे, की भंगारात गेली? काम आहे, म्हणून विचारतो.

दुकानात दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करतो. लॅपटॉपच्या कळा म्हणजे सादळलेले पापड, बोटाला काही समजतच नाही. मग 'बकलस्प्रिंग' नावाचा एक फुकटचा प्रोग्राम टाकला. आयबीएमच्या जुन्या 'मॉडेल एम' कीबोर्डचा आवाज देतो. कळ दाबल्याचा वेगळा, सोडल्याचा वेगळा. डावीकडची कळ डाव्या कानात, उजवीकडची उजव्या. पहिल्या दिवशी ब्लूटूथवर ऐकलं आणि फसलो. बोट पुढच्या अक्षरावर अन् आवाज मागच्याचा! 'सातबारा' तीनदा चुकला. वायरचा हेडफोन लावल्यावर जमलं.

पण तो कीबोर्डचा आवाज, टाइपरायटरचा नाही. प्रत्येक कळीच्या आवाजाची फाइल वेगळी असते, ती बदलता येते. तहसीलसमोरच्या टाइपरायटरवाल्या अर्जनवीस काकांकडे मोबाईल घेऊन गेलो. म्हणाले, "लेका, लोक फोटो काढाले येतात, तू आवाज न्यायले आला!" पण बसू दिलं.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आपण दोन वर्षं टायपिंगच्या क्लासला बडवूनही कधी ऐकली नव्हती. अक्षर मारलं की 'खट' झाल्यावर कॅरेज, म्हणजे कागद धरणारा वरचा सरकता भाग, सरकल्याची बारीक 'टिक' येते. मात्रा, अनुस्वार मारला की कॅरेज हलतच नाही, म्हणून नुसता 'खट', मुका. सर पाठमोरे उभे राहून "मात्रा खाल्ली रे!" ओरडायचे, ते यावरूनच असेल. मला वाटायचं त्यांच्या पाठीला डोळे आहेत.

मी आता इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीवर मराठी टाइप करतो. त्यात मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. मात्रांच्या कळांना मुका आवाज लावला, बाकीच्यांना टिकवाला. आता डाव्या कानात मात्रा, उजव्यात अक्षरं! गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी मी हेडफोन काढत नाही, बायको म्हणते डोकं फिरलं.

राहिली घंटी. काकांच्या मशीनची कधीचीच तुटली. तुमची खणखणीत वाजायची, घराच्या धाब्यावर झोपलेल्या आजीची झोपमोड व्हायची. ती मी एंटरला लावणार. मशीनवर ओळ संपायच्या आधी वाजायची, इथे संपल्यावर वाजेल, चालवून घेऊ.

मशीन असेल तर धूळ झटक, कॅरेज हळूहळू डावीकडे ने, आणि वाजली की मोबाईलवर टिपून पाठव. पंखा बंद करून. दोन-तीनदा टिप, एखादी तरी साफ येईल. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
गड्या