नावं विचारायची राहून गेली

ताईच्या अंगभर पुळ्या उठल्या, ताप 103 वर गेला, तेव्हा सगळ्यांनी एकच धरलं: जंतुसंसर्ग. अँटिबायोटिकं बदलून झाली, ताप हटेना. टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके एकमेकांत मिसळायचे, सुकून पापुद्रे निघायचे, की खाली परत नवे.

रात्रपाळीच्या त्या तरुण डॉक्टरबाई, तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, "स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या का? एकदम बंद केल्या?" केल्या होत्या, आम्हीच, बरं वाटलं म्हणून. तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. पुवाच्या कल्चरमध्ये जंतू निघाले नाहीत आणि बायोप्सीने शिक्कामोर्तब केलं: जनरलाइज्ड पस्ट्युलर सोरायसिस, म्हणजे जंतूंशिवायच अंगभर पुवाच्या पुळ्या आणणारा त्वचेचा आजार, जो स्टिरॉइड एकदम थांबवल्यावर उसळू शकतो. फोन झुंबुश या डॉक्टरांनी 1910 मध्ये वर्णन केलेला आजार. काही रुग्णांत त्यामागे आयएल-36 या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला आवर घालणाऱ्या जनुकातला दोष असतो, हे 2011 मध्ये कळलं. तुम्ही ते चित्र काढून समजावलंत. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध सुरू झाल्यावर बीपीवर डोळा ठेवणाऱ्या, चादर चिकटू नये म्हणून आधी व्हॅसलिन लावून मगच कूस बदलणाऱ्या सिस्टर, तुमचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. ताई तुमच्यावर ओरडलीही होती, तेवढं पोटात घाला. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात घेऊन जिना चढून आलेले लॅबमधले दादा, तुमचेही मनापासून आभार.

ताई काल स्वतःची वेणी स्वतः घालत होती.