फ्लॉप शो कुठे बघायचा ते

आई, बाबा,

परवा बाबा फोनवर म्हणाले, त्या जसपाल भट्टीची ती जुनी विनोदी मालिका, फ्लॉप शो, कुठल्या ॲपवर आहे बघ आणि काय ते पैसे भरून टाक. तर आधी हे सांगते की पैसे कुठेच भरायचे नाहीत, यूट्यूबवर आहे. फोनवर सांगितलं असतं पण बाबा हो हो कळलं म्हणतात आणि फोन ठेवतात, म्हणून लिहूनच पाठवतेय.

रिमोटवर माइकचं बटण आहे ना, ते दाबून धरा आणि नुसतं फ्लॉप शो नका म्हणू, नाहीतर कुठले कुठले पडलेले पिक्चर समोर येतात. जसपाल भट्टी फ्लॉप शो असं सगळं म्हणा. यादीत उल्टा पुल्टा दिसेल, फुल टेन्शन दिसेल, ते पण भट्टींचंच पण आपल्याला ते नकोय. फोटोच्या कोपऱ्यात मिनिटं लिहिलेली असतात ती बघायची, तीन-चार मिनिटं असतील तर तो नुसता तुकडा, वीसेक मिनिटांचा असेल तोच लावा. आणि शेवटी गाणं आलं की समजायचं भाग पूर्ण आहे. दर भागाच्या शेवटी हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन असायचं आणि लोक व्हिडिओ टाकताना कधी कधी नेमकं तेच कापतात, म्हणजे बांगड्याच्या हुमणात तिरफळंच घातली नाहीत तसं ते.

बाबा, तुम्ही म्हणत होता दोन-तीन वर्षं चाललेला, पण तसं नाही हां. 1989 साली दूरदर्शनवर आला आणि भाग झाले फक्त 10. मला पण खरं वाटेना, आपल्या घरात त्यावरून इतकी वर्षं जोक चाललेत! लिहिला भट्टींनी, डायरेक्शन त्यांचं, निर्माती त्यांची बायको सविता आणि पडद्यावर बायको झालीय ती पण तीच, शिवाय त्यात काम करणारा तो नट विवेक शौक. नावांच्या पाट्यांत सुद्धा स्वतःचीच टर उडवलीय, त्या नीट वाचा, पुढे ढकलू नका. भट्टी 2012 मध्ये अपघातात गेले, विवेक शौक त्याच्या आदल्या वर्षी, त्यामुळे आहेत ते दहा पुरवून बघा, रात्री जेवण झाल्यावर एक.

पहिला मेडिकल बिलांचा लावा. सरकारी नोकर कशी खोटी बिलं लावतात तो. बाबांनी जन्मभर ऑफिसात असलीच बिलं तपासली, त्यामुळे आई, टीव्ही बंद झाल्यावर तुला ऑफिसच्या गोष्टी परत ऐकाव्या लागणार, त्याला माझ्याकडे इलाज नाही. मला स्वतःला पीएचडीवाला जास्त आवडला, गाईडच्या घरची कामं करणारा तो बिचारा विद्यार्थी, आमच्या डिपार्टमेंटमध्ये आजही बघायला मिळेल. उगाच ओरडणं नाही, मागून हसण्याचे आवाज घालून धमाल केल्याचा आव नाही, भट्टी आपले सरळ चेहऱ्याने बोलतात. हल्लीच्या कॉमेडीत मला हेच मिळत नाही.

आई, तुला हम लोग हवं होतं ना, त्याला प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप आहे, 2024 च्या नोव्हेंबरात इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला आपल्या गोव्यातच सुरू केलं. रामायण, महाभारत, शक्तिमान असलं जुनं पण त्यात आहे. ते मी चवथीला आल्यावर टीव्हीवर घालून देते. तोवर बाबांनी त्यात हात घालू नये, नंबर टाक, ओटीपी टाक असलं काय काय विचारतं आणि ओटीपी कोणालाच सांगायचा नाही हे ठरलंय आपलं.

आणि चित्र धुरकट दिसणार, आवाज पण खरखरीत येणार. रेकॉर्डिंगच तेव्हाचं आहे, टीव्ही ठीक आहे, त्यासाठी खालच्या मेकॅनिकला बोलावू नका, तो आला की काहीतरी बदलल्याशिवाय जात नाही.

तुमची,
लेक