सही करण्याआधी

नार्वे, डिचोली
चैत्र वद्य पंचमी

चि. बाबू यास आईचे अनेक आशीर्वाद.

काकांनी पाठवलेला घरविक्रीचा मसुदा परवा मिळाला. आपल्या गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलंय की वारसाचं घर विकायचं तर सगळ्या भावंडांच्या, त्यांच्या नवऱ्याबायकांच्याही सह्या लागतात. तुम्हां सगळ्यांच्या झाल्या, माझी तेवढी राहिली आहे. ती मी अजून केलेली नाही.

तू फोनवर म्हणालास, "आई, नाहीतरी ते घर आपोआप पडतंच आहे." हे 'आपोआप' माझ्या मनातून जाईना. चाळीस वर्षं मी या घरात काढली. ते कशाने उभं होतं हे मला माहीत आहे, आणि ते तुला कधी नीट सांगितलं नाही ही माझी चूक.

आपलं घर भातासाठी बांधलेलं आहे. वसरी एवढी रुंद का, तर झोडणीच्या वेळी अवचित सर आली की भात आत ओढता यावं. माजघरात कणग्या ठेवायच्या म्हणून तिथे खिडकी नाही. चौकात तुळशीच्या बाजूने जमीन उतरती ठेवली, ती पागोळ्यांचं पाणी थेट माडांना जावं म्हणून. भिंती चिऱ्यांच्या, पण आतले थर मातीच्या गाऱ्यात बसवलेले, आणि पश्चिमेची भिंत तर निव्वळ मातीची. तिला दर पावसाळ्याआधी झावळ्यांची झापं बांधावी लागत. ती विणायला बायका यायच्या. वैशाखात कौलं उतरवून, पुसून, फुटकी बदलून परत चढवायची. त्या शाकारणीला कुळांकडची पाचसहा माणसं यायची, कारण पेरणीला अजून अवकाश असायचा आणि वर्षभराचं भात त्यांना याच शेतांतून मिळायचं. दिवाळीनंतर चोपणं घेऊन जमीन बडवायची, शेणाने सारवायची. गोठ्यात गुरं होती तोवर शेण घरचं होतं.

आणि चूल! चुलीचा धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून बाहेर जायचा. जाता जाता किंदळाच्या वाशांना काजळी चढायची, म्हणून त्यांना कीड लागत नसे. मी गॅस आणला तेव्हा किती आनंद झाला होता. दहा वर्षांत स्वयंपाकघरावरचे वासे बोटाने पोखरता यायला लागले. दोन्हींचा संबंध मला फार उशिरा कळला.

तेव्हा सांग, घर आधी सुटलं की शेती आधी सुटली?

खाजनातली, म्हणजे नदीकाठच्या सखल खारजमिनीतली, आपली शेतं तू लहानपणी पाहिलीस. मांडवीचं खारं पाणी बांधाने अडवायचं, भरती-ओहोटीला मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी उघडझाप करायची, आत खारं सोसणारं कोरगुट भात लावायचं. बांध फुटला तर रात्री सगळा गाव माती घेऊन धावत असे. तो गावकरीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचा, नेम होता. 1964 चा कूळ कायदा आला, त्यात पुढे दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. तो त्यांचा हक्कच होता, तुझे बाबाही तसंच म्हणायचे. पण बांधाची जबाबदारी गावकरीकडून निघाली आणि कुणाच्या अंगावर नीट बसलीच नाही. पुढे पोरं खाणीवर आणि नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जींवर गेली. बार्जींच्या लाटांनी बांध खचत राहिले. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, तरी शेताकडे परत कोण येणार? आता खालच्या खाजनात तिवरं वाढली आहेत. आपली मानस अजून उभी आहे, चिऱ्यांची, तिच्या खाचाही तशाच आहेत, फक्त फळी नाही. ती मानससुद्धा आपल्या घराइतकीच जुनी बांधणी आहे. तिचा फोटो काढायला मात्र कुणी येत नाही.

फोटो काढणारे सप्तकोटेश्वराला येतात. येऊ देत. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ मोडल्यावर देव नदी ओलांडून आपल्याकडे आला, आणि शके 1590, म्हणजे 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ बांधायला घेतलं, हे तू शिळेवर बोट ठेवून वाचायचास. अष्टकोनी बैठकीवरचा तो घुमट, समोरची दीपमाळ, मंडपावर मात्र आपल्या घरासारखीच उतरती कौलं. 2023 मध्ये जीर्णोद्धार झाला, फार बरं वाटलं. देवळाकडे रोज पूजा आहे, जत्रा आहे, माणसाचा पाय आहे. घरांना तसं काही उरलेलं नाही. आपल्या वाटेवरच्या मोठ्या वाड्याचं आढं मागच्या श्रावणात बसलं. आत अजून कणगी आहे, तिच्यात पिंपळ उगवलाय.

मी तुला नोकरी सोडून नांगर धर म्हणत नाही. तसं म्हणायचा मला अधिकारही नाही, शीक आणि बाहेर पड असं मीच सांगितलं होतं. पण घर घेणाऱ्यांचा माणूस येऊन गेला, तो म्हणाला, पुढची वसरी ठेवणार, मागचं सगळं काढून पोहण्याचा तलाव करणार. म्हणजे गोठा, चूल, माजघर जाणार. हे तुम्हां कुणालाच त्याने सांगितलं नसावं, म्हणून लिहिते.

माझं मागणं एवढंच, यंदा शाकारणीला ये. आठ दिवसांची रजा काढ, सूनबाईला आणि पोरीलाही आण. वरचं मरडातलं, म्हणजे उंचावरच्या जमिनीतलं, शेत शेजारच्यांनी कसायला मागितलंय, ते द्यायचं का तेही बसून बोलू. बदल्यात पेंढा आणि शेण देतो म्हणतात. त्यानंतरही सही करावी असं तुझं मत झालं तर मी करीन.

नळ्याची कौलं आता मिळत नाहीत. मी पडलेल्या वाड्याच्या मालकांना विचारून दोनशे उचलून आणवली आहेत, गोठ्यात रचली आहेत. शिडी आपलीच आहे, तिचे दोन पाय मात्र बदलायला हवेत. ते काम सुताराला सांगून ठेवते.

तुझी,
आई