उसाच्या फडातली हजेरी
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण,
महाराष्ट्र राज्य

जून २०२१

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.ए.च्या मुलांना भूगोल शिकवते. मागच्या वर्षी मार्चमध्ये कोरोनामुळे वर्ग बंद झाले, तेव्हापासून फोनवरून शिकवते. गेल्या महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा मसुदा जाहीर केला. प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवायचा आणि उरलेला ६० टक्के वर्गात, असे त्यात म्हटले आहे. सूचनांसाठी ६ जूनपर्यंतची मुदत होती आणि मी माझे म्हणणे आयोगाला कळवले. पण हे धोरण राज्यात उतरेल ते आपल्या खात्यामार्फत, म्हणून आपल्यालाही लिहिते आहे.

मागणे एकच आहे. फोनवरून शिकवताना ‘हजर’ कोणाला म्हणायचे आणि ‘शिकवले’ कशाला म्हणायचे, हे नव्याने ठरवा. असे का म्हणते, ते कळावे म्हणून जानेवारीतला माझा एक दिवस आपल्यापुढे ठेवते.

त्या दिवशी द्वितीय वर्षाची तासिका दहा वीसला होती. पटावर ६२ मुले-मुली. त्यातली २६ त्या महिन्यात गावात नव्हती, उसाच्या फडावर होती. कोणी कराडकडे, कोणी सांगली-कोल्हापूरच्या बाजूला, दोघे-तिघे कर्नाटकात. दसरा-दिवाळीला आमच्याकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, हे आपण जाणताच. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या दोघांपैकी एकाची कंबर धरली, की मुलगा किंवा मुलगी त्या कोयत्यात उभी राहते. एरवी आम्ही शिक्षक घरोघर जाऊन, आजी-आजोबांना गळ घालून यातली बरीच मुले मागे ठेवून घेतो. काहींची वसतिगृहात सोय होते. या वर्षी वसतिगृहे बंद होती आणि वर्गही बंद होते. एका बापाने मला सरळ विचारले, “कॉलेज मोबाइलवर आहे ना मॅडम? मग मोबाइल तिकडं पण चालतोच की.” त्यांना उत्तर देता येईना. पोरगी ट्रॅक्टरवर बसून गेली.

शिकवायचे होते समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा वर्गात टेबलावर पसरला, की मुले त्याच्याभोवती गोळा होतात. दर २० मीटरला एक तपकिरी रेषा असते. बोटाने ती रेषा धरून चालायचे, चढ कुठे आणि उतार कुठे ते ओळखायचे. हा नकाशा फोनच्या पडद्यावर आणला तर रेषा केसासारख्या होतात आणि मोठा केला तर डोंगरच निसटतो. म्हणून आदल्या रात्री मी परातीत ओल्या मातीचा एक डोंगर केला. एका बाजूने उभा, दुसऱ्या बाजूने पसरट. तासिकेच्या वेळी फोन डब्यांच्या उतरंडीला टेकवून उभा केला, परातीत दोन सेंटीमीटर पाणी ओतले आणि पाण्याची कड मातीला जिथे टेकते तिथे पांढरा दोरा दाबत गेले. मग आणखी दोन सेंटीमीटर पाणी, आणखी एक दोरा.

तिसऱ्या दोऱ्याला वीज गेली. वायफाय माझ्याकडे नाही, फोनचेच इंटरनेट होते, पण वीज गेली की आमच्याकडे रेंजही उतरते. मुलांना माझे हात थिजलेले दिसत राहिले. पुन्हा जोडणी व्हायला अकरा मिनिटे गेली आणि एकोणीसपैकी बारा जण परत आले.

हो, एकोणीसच. बासष्टपैकी. पडद्यावर दिसणारी नावेही त्यांची नसतात. वडिलांचे नाव, मामाच्या दुकानाचे नाव, एकाचे तर नुसते ‘आई’. उसने फोन आहेत सगळे. हजेरी घेताना प्रत्येकाला ‘तू कोण बोलतोस’ असे विचारावे लागते, त्यातच सात-आठ मिनिटे जातात. फडावरून दोघे आले होते. एकाचा माइक चालू राहिला होता आणि उसावर पडणारा कोयता सगळ्या वर्गाला ऐकू येत होता. त्याला माइक बंद कर म्हणणे माझ्याच्याने झाले नाही.

पाणी काढून टाकून वरून फोन धरला, तेव्हा दोरे एकात एक बसलेल्या कड्यांसारखे दिसले. उभ्या बाजूला दाट, पसरट बाजूला विरळ. बारा जणांना ते दिसले. उरलेल्या पन्नास जणांचे काय करायचे, हा माझ्या दुपारचा प्रश्न असतो.

दुपारी सगळ्यात आधी पुरावा गोळा करावा लागतो. तासिकेची लिंक, सुरुवातीचा आणि शेवटचा स्क्रीनशॉट, हजर असलेल्यांची यादी, घटकाचे नाव, हे सगळे फॉर्ममध्ये भरून पाठवायचे. ते पोचले तर तासिका झाली, नाही तर नाही. वीज गेल्यामुळे माझ्याकडे शेवटचा स्क्रीनशॉट बारा जणांचा होता, म्हणून मधल्या सात जणांना दोन ओळी लिहून हजर ठरवावे लागले.

त्यानंतर मी तोच धडा आवाजात सांगते. यालाच मी माझे खरे काम मानते, आणि ते मला या वर्षीच शिकावे लागले. चित्र नाही, फळा नाही, समोर चेहरे नाहीत. ज्याने नकाशा हातात धरलेला नाही, त्याला कानाने समोच्चरेषा कशी दाखवायची? चार वेळा बोलून पुसले. एकदा कुकरची शिट्टी मध्ये आली, एकदा माझा सात वर्षांचा मुलगा स्वतःच्या शाळेच्या तासाला फोन मागायला आला. घरात फोन एकच आहे. त्याची शाळा माझ्या तासिकेनंतर उरलेल्या वेळेत होते, आणि याचे मला वाईट वाटते.

पाचव्या वेळी असे बोलले: “डोळे मिटा. आपल्या गावामागचा डोंगर आठवा. त्याच्या कमरेला एक दोरी बांधा. अट एकच, दोरी कुठेही वर जाता कामा नये, खाली येता कामा नये. जिथं डोंगर आत वळला असेल, ओघळ असेल, तिथं दोरीलाही आत वळावं लागेल. आता वीस मीटर वर चढा आणि दुसरी दोरी बांधा.” दहा मिनिटांचा ऑडिओ झाला. तो उतरवून घ्यायला दीड-दोन एमबी पुरतात. हीच गोष्ट पाऊण तासाच्या व्हिडिओ तासिकेत सांगायची तर शेकडो एमबी लागतात. दिवसाला दीड जीबीचा पॅक घेणाऱ्या मुलाचा डेटा दोन-तीन तासिकांत संपतो, आणि त्याच फोनवर घरातली धाकटी भावंडेही शिकत असतात.

संध्याकाळ मोकळी ठेवावी लागते, कारण फडावरच्या मुलांचा दिवस तेव्हा संपतो. ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून ती कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, येतात, चूल पेटते, मग फोन हातात येतो. रात्री आठ ते दहा या वेळात मी त्यांचे फोन घेते. त्या रात्री पावणेनऊला पाटोदा तालुक्यातल्या एका मुलीचा फोन आला. मांजरा नदी ज्या डोंगरात उगम पावते, त्याच बालाघाटच्या रांगेतले तिचे गाव. हुशार आहे, कमी बोलते. म्हणाली, “मॅडम, गाडी आत्ता भरली. तुमचा ऑडिओ दोनदा ऐकला. एक विचारू? आमच्या डोंगरावर सलग समतल चर खणलेत. माझ्या आईनं रोजगार हमीवर खणलेत ते. ते कुठंच चढत नाहीत, उतरत नाहीत, डोंगराला धरून जातात. म्हणजे समोच्चरेषा त्याच ना?”

महोदय, बारा वर्षे मी हा घटक शिकवते आहे. वर्गात नकाशा पसरूनही हे उत्तर मला कोणी दिले नव्हते. पाणलोटाच्या कामात चर समोच्चरेषेवरच खणतात, म्हणजे पावसाचे पाणी उतारावरून पळत नाही, चरात थांबून मुरते. तिने पुस्तकातली रेषा उलगडली ती आईच्या कुदळीच्या कामावरून. मी तिला विचारले, “मग चर थोडा तिरपा खणला तर काय होईल?” तिने क्षणभर विचार केला आणि सांगितले, “पाणी एका कडंला गोळा होईल आन् तिथून फुटंल.” पंधरा मिनिटे आम्ही उतार, मातीची धूप आणि ओघळी यांवर बोललो. पलीकडून कोणीतरी तिला भाकरी थापायला हाक मारली, तेव्हा थांबलो.

त्या दिवसाच्या हजेरीपत्रकात ही मुलगी गैरहजर आहे.

दहा वीसला ती पडद्यावर नव्हती, इतकेच त्या पत्रकाला कळते. मी तिच्या नावापुढे खूण करू शकत नाही, कारण तिचा स्क्रीनशॉट नाही. अशी वर्षभर ती गैरहजर राहिली, आणि उपस्थितीची ७५ टक्क्यांची अट पुन्हा कडक झाली तर परीक्षेच्या अर्जापाशी तिला अडवले जाईल. जो मुलगा लिंकवर येऊन फोन उशाला ठेवून झोपला, तो हजर आहे. त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्या पद्धतीत त्याची नोंद होते आणि तिची होत नाही, ती पद्धत शिकण्याची नोंद ठेवते असे मी कसे मानू?

शिकवण्याच्या बाजूलाही हेच आहे. माझी नेमणूक तासिका तत्त्वावर आहे. आठवड्याला नऊ तासिका, तासिकेला ५०० रुपये. दहा वीसची तुटलेली, थिजलेली तासिका माझ्या बिलात आली. दुपारचा ऑडिओ आला नाही, रात्रीचे दोन तास आले नाहीत. अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे सुचवले होते. मानधनाचा तो लढा आमच्या संघटना लढत आहेत, मी इथे तो मांडत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की ज्या कामामुळे त्या मुलीला धडा कळला ते काम कागदावर झालेलेच नाही. काम मोजले गेले नाही, की हळूहळू ते करणारेही थांबतात. माझे दोन सहकारी थांबले आहेत. त्यांना मी दोष देऊ शकत नाही, एक जण संध्याकाळी किराणा दुकानात हिशेब लिहायला जातो.

आपल्याकडे आकडेवारी आहेच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती आणि सुमारे ४ टक्क्यांकडे संगणक होता. त्यानंतर फोन वाढले असतील, तरी ज्या घरात एक फोन आणि तीन शिकणारी मुले आहेत तिथे ठरलेल्या वेळी समोर बसण्याची अट पाळणे कोणाला जमणार?

म्हणून राज्याचे नियम करताना, ऑनलाइन भागासाठी ठरलेल्या वेळी पडद्यावर येण्याची सक्ती काढून टाका. मुलाने त्या आठवड्यात धडा ऐकला, त्यावर चार ओळी लिहून किंवा बोलून पाठवल्या, फोनवर प्रश्नाचे उत्तर दिले, तर तो हजर धरा. शिक्षकाने तयार केलेला ऑडिओ धडा आणि ठरवून दिलेले फोनचे तास कार्यभारात मोजा. कायम प्राध्यापकांसाठीही मोजा, आमच्यासाठीही मोजा. खोटेपणा होईल अशी शंका कोणी घेईल. मुलांचे आवाज आणि त्यांच्या हाताने लिहिलेले कागद माझ्या फोनमध्ये तारखेनिशी जपलेले आहेत, स्क्रीनशॉटपेक्षा ते कितीतरी बोलके आहेत. तपासणीला कोणीही यावे.

हे आपल्या राज्याला नवीनही नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कामकरी माणसांना त्यांच्या वेळेने शिकवते आहे. छापील पाठ, अभ्यासकेंद्र, स्वाध्याय, सगळे त्यांनी बसवलेले आहे. त्यांची माणसे आणि आमची महाविद्यालये एकत्र बसवा. आकाशवाणीची केंद्रे बीडला आहेत, तशी सांगली, सातारा आणि कोल्हापूरलाही आहेत. म्हणजे जिथून मुले जातात तिथेही आहेत आणि जिथे जातात तिथेही आहेत. रात्री साडेआठचा अर्धा तास पदवीच्या मुलांसाठी मिळाला, तर कोपीवरच्या रेडिओलाही डेटा लागत नाही.

एक भीतीही सांगते. ४० टक्के ऑनलाइन म्हणजे एका प्राध्यापकाचे ध्वनिमुद्रण दहा महाविद्यालयांत लावायचे आणि तेवढा कार्यभार कमी करायचा, असा अर्थ कुठेतरी काढला जाईल. त्या रात्री मुलीने मला प्रश्न विचारला, म्हणून धडा पूर्ण झाला. ध्वनिमुद्रण तिला ‘चर तिरपा खणला तर’ असे विचारू शकले नसते. आणि नकाशावर बोट ठेवून वाचायला, क्षेत्रभेटीला जाऊन ओढ्याचा काठ पाहायला तिला आमच्या वर्गातच यावे लागेल. फडावरून परतल्यावर एप्रिल-मे महिन्यात अशा मुलांसाठी प्रात्यक्षिकांचे तीन-चार आठवडे वेगळे ठेवता येतील. या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते शक्य नव्हते. या एप्रिलमध्ये मी हजेरी घेताना ‘का आला नाहीस’ असे विचारणेच बंद केले होते, कारण उत्तरे ऐकवत नव्हती.

ती मुलगी आता तृतीय वर्षाला आली आहे. मागच्या आठवड्यात तिने मला घरामागच्या डोंगराचा वहीच्या पानावर काढलेला नकाशा पाठवला. पाच समोच्चरेषा, त्यांवर आईने खणलेले चर निळ्या पेनाने. या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला आहे. त्यानंतर टोळ्या निघतील, आणि ती घरी राहील की फडावर जाईल हे तिच्या वडिलांच्या कंबरदुखीवर ठरेल. नियम त्याआधी झाले, तर दोन्ही ठिकाणी मला तिची हजेरी लावता येईल.

आपली,
भूगोलाची एक प्राध्यापिका (तासिका तत्त्वावर),
जि. बीड