माझ्या कागदाला हात न लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला आलो की तुम्ही विषय बदलता. परवा तर सरळ कुंडीतल्या गोगलगायींवर गेलात. मला चित्रं शिकवण्याची फी विचारली तेव्हा "मला पेन्शन मिळते" म्हणालात आणि दार लावून घेतलंत. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. इथे विषय बदलता येणार नाही.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगतो. माझी बायपास झाली. त्या दिवसांत कुणी रक्त दिलं, कुणी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर रात्र काढली, कुणी घरी डबे पोचवले. या सगळ्यांना स्वतःच्या हातानं केलेलं कार्ड पाठवायचं असं मनात बसलं. मुलगा म्हणाला, "बाबा, ग्रुपवर एक मेसेज टाका ना." टाकला असता. पण डबा काही ग्रुपवर आला नव्हता, जिने चढून आला होता.

आमची जन्मभराची चित्रकला म्हणजे बँकेतले शिक्के. शाळेत चित्रकलेला एक मास्तर होते. ते वर्गातून फिरताना आमच्या हातातला ब्रश काढून घ्यायचे आणि आमच्याच चित्रावर काळ्या रंगाने 'अशी असते फांदी' करून पुढे जायचे. मग ती फांदी त्यांची आणि चित्र कुणाचंच नाही. एलिमेंटरीच्या परीक्षेला मी बसलोच नाही, त्यात त्या फांदीचा वाटा मोठा.

तरी कार्डं करायचीच म्हणून एका कॅफेतल्या रविवारच्या वर्कशॉपला नाव घातलं. फी भरपूर. सोबत किट, म्हणजे चिमटीत मावेल एवढा ब्रश आणि पानाफुलांचे तयार शिक्के. शिकवणारी मुलगी हसतमुख होती, ते नाकारत नाही. पण माझा रंग जरा ओघळला की "काका, द्या इकडे, मी करून देते." शेवटी सगळ्यांची कार्डं एका रांगेत मांडून फोटो काढले. सगळी एकसारखी, कारण ती सगळी तिचीच होती. मी घरी घेऊन आलो ते कार्ड कुणाला पाठवायची मला लाज वाटली. आभार माझे आणि हात दुसऱ्याचा!

आणि मग तुम्ही. लिफ्टमध्ये माझ्या पिशवीतून ब्रश डोकावताना दिसला आणि तुम्ही एवढंच विचारलंत, "कागद कोणता वापरता?" झेरॉक्सचा म्हटल्यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला टेबलापाशी बसवलंत आणि दोन कागदांवर पाणी फिरवून दाखवलंत. 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा पातळ कागद क्षणात वाकडातिकडा झाला, 300 जीएसएमचा पाणी पिऊन शांत पडून राहिला. हातकागदाचं वेड तुम्हीच लावलंत. शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासून सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद करते आहे, आणि पुण्यात इतकी वर्षं काढून मी तिच्या दारात कधी गेलो नव्हतो.

ठसे तुम्ही खोडरबरावर कोरायला लावलेत. त्याआधी, हात बसावा म्हणून, भेंडी. साठीच्या माणसाला भेंडीचे ठसे! सून स्वयंपाकघरातून बघत होती, तिला वाटलं ऑपरेशनचा परिणाम. पण आडव्या कापलेल्या भेंडीवर रंग किती लावायचा आणि दाबताना हात हलू कसा द्यायचा नाही, हे त्यातूनच कळलं. मग अक्षरं. 'आभार' उलटं कसं कोरायचं या विचारानं मी घाबरलो होतो. तुम्ही ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं सरळ लिहायला सांगितलंत, तो कागद खोडरबरावर पालथा घालून नखानं घासायला लावलात, आणि अक्षरं आपोआप उलटी उमटली. "वळणावर कटर फिरवायचं नाही, रबर फिरवायचं," हे वाक्य मी आता नातीला ऐकवतो.

माझ्याकडचं बँकेतलं जांभळं स्टॅम्प पॅड बघून तुम्ही हसलात. ती शाई पाण्यानं पसरते, त्यामुळे ठशावरून वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात दिला की सगळा चिखल. आधी वॉश, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग ठसा. किंवा पाण्यात न विरघळणारी शाई घ्यायची. एवढं सांगून झाल्यावर तुम्ही त्याच बदनाम जांभळ्याचा ठसा मारलात, ओल्या ब्रशचं टोक एका बाजूनं लावलंत आणि शाई ओढून सावली काढलीत. उभी हयात मी ती शाई चलनांवर आपटली, तिच्यात इतका सुंदर रंग आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पण बाई, मला सांगायचंय ते यातलं काहीच नाही. त्या दिवशी मी अल्ट्रामरीनचा, म्हणजे गडद निळ्याचा वॉश देत होतो. पाट तिरका, रंगाचा ओघळ खालच्या कडेला जमलेला, तो आडव्या फटकाऱ्यानं खाली खाली न्यायचा, सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे. मधेच फोन वाजला. परत आलो तर निम्मा वॉश वाळत आला होता, आणि ब्रशात पाणी जास्त होतं. टेकवल्याबरोबर मधोमध फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलला. मी ब्रश तुमच्यापुढे धरला. इतकी सवय झाली होती मला. ऑपरेशन झाल्यापासून हातातली पिशवी कुणीतरी काढून घेतं, चहा कुणीतरी गाळतं, शर्टाची बटणंसुद्धा लावायला धावतात. सगळे प्रेमानंच करतात, पण दिवसभरात माझ्या हाताला काम म्हणून उरत नव्हतं.

तुम्ही ब्रश घेतला नाहीत. दोन्ही हात मागे बांधलेत. मग कपाटातून एक जुनी लग्नपत्रिका काढलीत, तिच्या कोऱ्या बाजूवर स्वतःचा वॉश दिलात, तो अर्धा वाळेपर्यंत काही न बोलता थांबलात, आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, तस्साच डाग पाडलात. "हा माझा. आता बघा मी काय करते." पूर्ण वाळू दिलात, ओलसर ब्रशानं डागाच्या कडा मऊ केल्यात, फडक्यानं टिपल्यात. म्हणालात, "नाहीतर ढग म्हणून ठेवून द्या. पांढरा रंग कुठे असतो आपल्याकडे? पांढरा म्हणजे सोडलेला कागद." माझ्या कार्डाकडे तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. तो डाग मी ढग म्हणूनच ठेवला. ते कार्ड ज्या मित्रानं रक्त दिलं त्याच्याकडे गेलंय.

नंतर लक्षात आलं की तुम्ही माझ्या कागदाला कधीच हात लावला नव्हता. दाखवायचं ते नेहमी शेजारी, आपल्या कागदावर. महापालिकेच्या शाळेत इतकी वर्षं साठ-सत्तर मुलांचे वर्ग सांभाळून ही सवय टिकवणं म्हणजे काय, हे त्या कॅफेतल्या मुलीला सांगितलं पाहिजे. आमच्या मास्तरांना तर सांगायलाच हवं होतं, पण ते आता नाहीत.

दवाखान्यातही असा एक माणूस भेटला होता. अंगाला हात लावणारे ढीगभर होते. उचलायचे, वळवायचे, सुया टोचायचे. त्यात एक वॉर्डबॉय होता, तो दर वेळी विचारायचा, "काका, धरू का?" कामाची घाई त्यालाही होतीच, पण विचारायला किती वेळ लागतो? त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. त्याचं कार्ड तयार आहे. नाव नसलं तरी वॉर्डात नेऊन देणार आहे, शोधतील.

तुम्ही सांगितलेली एक गोष्ट नातीनं शाळेत सांगून भाव खाल्ला. पहिलं छापील नाताळकार्ड 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी काढलं, कारण आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायला त्यांना वेळ पुरेना. म्हणजे कार्ड जन्मालाच आलं वेळ वाचवायला! मी मात्र एका कार्डावर अख्खी दुपार घालवतो. डॉक्टर चालायला सांगतात, तेही होतं, कारण वॉश वाळेपर्यंत गॅलरीत फेऱ्या मारण्यावाचून दुसरं काही करता येत नाही. हेअर ड्रायर लावू नका म्हणालात, तेव्हापासून लावलेला नाही. सूनबाई साक्षीदार आहेत.

अजून बरीच कार्डं व्हायची आहेत आणि कागद संपत आलाय. शनिवारी शिवाजीनगरला जातोय, तुमच्यासाठी जाड आणू की मध्यम? तुमची बर्न्ट सिएनाची ट्यूब माझ्यामुळे रिकामी झाली, तीही आणतो. कॅमलचीच ना? वॉचमनजवळ निरोप ठेवलात तरी चालेल.

आपला,
बी विंगमधला बँकवाला