कर्ण आवडतो, पण सभापर्वाचं काय?
संपादक साहेब, नमस्कार. १९६७ ला शिवाजी सावंतांची कर्णावरची ‘मृत्युंजय’ कादंबरी आली तेव्हापासून आपल्याकडे कर्ण म्हणजे फक्त दानशूर आणि अन्याय झालेला असंच झालंय, मलाही तो खूप आवडतो, कवचकुंडलं काढून देणारा माणूस कोणाला नाही आवडणार, पण महाभारतातल्या सभापर्वात द्रौपदीला भरसभेत वेश्या म्हणणारा आणि दुःशासनाला तिची वस्त्रं काढ सांगणारा पण तोच आहे ना! कौरवांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलला, त्यालाही कर्णानेच झापलं. विकर्णाबद्दल कोणी बोलतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीतला नायक पांडुरंग सांगवीकर याच्या उलट, चिडका, वडिलांचे पैसे उडवणारा, पण त्याची धाकटी बहीण मनी गेल्यावरची त्याची पानं वाचताना मी अजून रडते.
- एक वाचक