पेलेट स्टोव्हखालची बैठक : काकांना एक जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या नव्या स्टोव्हखाली लाद्यांची बैठक करून घेतलीत, त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलो तर "चार लाद्या तर लावल्यात, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच उडवून लावलात. लाद्या बारा आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही तुम्ही हात लावला नाहीत. तुम्ही फक्त प्रत्येक थराआधी आम्हाला थांबवलंत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. मॅसॅच्युसेट्समध्ये आणि आजूबाजूला ज्या मराठी घरांत यंदा पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारी शेगडी) येणार आहे, त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून मापं देतो आहोत.

पहिले आभार टाइलच्या दुकानात जाऊ दिलं नाहीत याबद्दल. आधी स्टोव्हचं मॅन्युअल, मग कागदावर माप, रंग सगळ्यात शेवटी. आमचा स्टोव्ह २४ इंच रुंद, २६ इंच खोल. मॅन्युअलप्रमाणे पुढे ६ इंच, दोन्ही बाजूंना ६ इंच आणि मागे भिंतीपर्यंत २ इंच. म्हणजे न जळणारी जागा कमीत कमी ३६ बाय ३४ इंच हवी. दुसऱ्या कंपनीचा आकडा वेगळा असतो, आणि लाकडाच्या ओंडक्यांच्या स्टोव्हला पुढे बरीच जास्त जागा लागते, तेव्हा शेजाऱ्याचं माप उचलू नये. तुमचा इशारा असा होता की कडेची ओकची पट्टी या मापात धरायची नाही. पट्टी लाकडाची, म्हणजे जळणारी. ३६ इंचांची बैठक पट्टीसकट केली, तर दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण इंच खाऊन हाती साडेचौतीसच उरतात आणि तपासनीस टेप लावून परत पाठवतो. इथे घन इंधनाच्या स्टोव्हला बिल्डिंग परमिट लागतं, त्यामुळे ही टेप लागणारच.

मॅन्युअलमधली दुसरी ओळ आम्ही वाचूनही सोडून दिली असती. स्टोव्हखाली नुसतं ठिणगीपासून संरक्षण हवं, की उष्णतेपासूनही? आमच्याला पहिलंच पुरे होतं. दुसरं लागत असेल तर आर-मूल्य (थर उष्णता किती अडवतो) दिलेलं असतं, किंवा जाडी आणि के-मूल्य (पदार्थ उष्णता किती वाहून नेतो). तेव्हा जाडीला के-ने भागायचं : १ इंच आणि के ०.८४ असेल तर आर १.१९. थरांच्या आर-मूल्यांची बेरीज होते, के-मूल्यांची होत नाही. आणि टाइलचा आर जवळजवळ शून्य, तिच्या भरवशावर राहू नये. काही मॅन्युअल 'यूएल १६१८' या सुरक्षा मानकाला तपासलेला तयार पॅडच मागतात. तिथे घरी केलेली बैठक कितीही चांगली असली तरी चालत नाही.

आता माप. दुकानात '१२ इंची' म्हणून विकलेली लादी मोजली तर पावणेबाराच भरली. चार लाद्या आणि मधले तीन सांधे दीड-दीड सुताचे, मिळून साडेसत्तेचाळीस इंचांना अर्धं सूत जास्त. खोलीला तीन लाद्या, दोन सांधे : साडेपस्तीस आणि एक सूत. (इथल्या टेपवर इंचाचे आठ भाग करून सूत मोजायला तुम्हीच लावलंत. पोरांना आता सोळांशापेक्षा तेच सोपं वाटतं.) लादी कुठेही कापायची नाही, आणि ३६ बाय ३४ च्या वर माप आरामात गेलं. शिवाय लादीखाली घालायच्या सिमेंट बोर्डाचा तक्ता ३ बाय ५ फुटांचा येतो, त्यात हे माप अखंड बसतं. बोर्डाला सांधा नाही, म्हणजे जाळीची पट्टी नाही आणि पुढे त्या रेषेवर तडा जायची भीतीही नाही. हे गणित तुम्ही पाकिटाच्या पाठीवर केलंत. ते पाकीट जपून ठेवलंय.

थर खालून वर असे : लाकडी जमिनीवर रोझिन पेपर (जमीन झाकायचा जाड कागद), त्यावर पाऊण इंची प्लायवुड, थिनसेट (लादी बसवायचा सिमेंटचा मसाला), अर्धा इंची सिमेंट बोर्ड, पुन्हा थिनसेट, लादी. प्लायवुड जमिनीला ठोकायचं नाही. थंडीत हीटिंगमुळे हवा कोरडी पडते आणि ओकच्या फळ्या आकसतात, उन्हाळ्यात फुगतात. बैठक जमिनीला जखडली की ती हालचाल थेट सांध्यांत उतरते.

बोर्डाखालचा थिनसेट चिकटवण्यासाठी नाही, पोकळी भरण्यासाठी, हे आम्हाला नवीन होतं. धरून ठेवायचं काम स्क्रूचं. सिमेंट बोर्डाचे सव्वा इंची स्क्रू, दर ८ इंचांवर, कडेला थोडे जवळ, चाळीसेक लागले. ड्रायवॉलचे काळे स्क्रू नकोत, त्यांची डोकी तुटतात आणि ओल्या थिनसेटमध्ये ते गंजतात. इथे तुमची नजर किती बारीक आहे ते कळलं. प्लाय सहा सूत, बोर्ड चार सूत, मधला थर जेमतेम अर्धं सूत. स्क्रू दहा सूत. डोकं जरा खोल गेलं की टोक खालून डोकावणार आणि तरंगत्या बैठकीखाली जमिनीवर ओरखडे काढणार. "पालथी करून तळाला हात फिरवा," म्हणालात. तीन टोकं हाताला लागली. ती कानशीने घासली.

दुकानातल्या माणसाने लादीसाठी बादलीतलं तयार मॅस्टिक (लादी चिकटवायचा गोंद) पुढे केलं होतं. स्वस्त, कालवायला नको. तुम्ही फोनवरूनच ते परत ठेवायला लावलंत, कारण मॅस्टिक उष्णतेने मऊ पडतं आणि मोठ्या लादीखाली मधोमध वाळतही नाही. पॉलिमर मिसळलेल्या थिनसेटची २५ पौंडांची पिशवी दोन्ही थरांना पुरून उरली. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, कालवून १० मिनिटं ठेवायचं, पुन्हा ढवळायचं. घट्ट व्हायला लागलं तर वरून पाणी घालायचं नाही, फेकून द्यायचं. यात काटकसर नाही.

दात्यांच्या थापीने (दाता पाव इंच रुंद, तीन सूत खोल) सगळ्या रेषा एकाच दिशेला ओढायच्या, गोल गोल नाही. लादीच्या पाठीला पातळ हात, मग रेषांना आडवी सरकवून दाबायची, म्हणजे हवा निघून जाते. पहिली लादी लावून लगेच उचलायला लावलीत तेव्हा राग आला होता, पण पाठीवर मधोमध तळहाताएवढा भाग कोरडा होता. तीनेकशे पौंडांचा स्टोव्ह त्या पोकळीवर आला असता, तर लादी कधी ना कधी चिरलीच असती. दुसऱ्या दिवशी नाण्याने प्रत्येक लादी वाजवली. एक कोपऱ्यात बद्द वाजली, ती काढून त्या जागी नवी बसवली. बाराऐवजी पंधरा लाद्या घ्यायला का लावल्यात ते तेव्हा उमगलं.

गॅरेजमध्ये बैठक करून आत आणायचा बेत तुम्ही मोडीत काढलात, त्याबद्दल वेगळे आभार. ऑक्टोबरात बिनहीटिंगच्या गॅरेजमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसखाली जातं आणि थिनसेट नीट धरत नाही. आणि शंभर-सव्वाशे पौंडांची फळी दारातून तिरकी करताना पिळली जाते, सांधे तिथेच उघडतात. जागेवरच केलं.

२४ तासांनी वाळूवालं ग्राउट (सांधे भरायचा मसाला) भरलं. फ्लोट (ग्राउट भरायची रबरी थापी) सांध्याला तिरका फिरवायचा, नाहीतर भरलेलं उकरून निघतं. स्पंज पिळून घेतलेला. लाद्या आणि ओकच्या पट्टीमध्ये मात्र ग्राउट नाही. तिथे एक सूत फट सोडून सिलिकॉन भरलं, कारण लाकूड हलणार आणि ग्राउट हलणार नाही. मग तीन दिवस स्टोव्ह बाहेरच. लवकर वाळावं म्हणून हीटर लावू दिला नाहीत, कारण सिमेंट पाणी धरून पक्कं होतं, वाळवून नाही.

आणि भिंतीतलं भोक! बैठक पावणेदोन इंचांच्या वर उंच झाली. धुराच्या पाइपची खूण आधी नुसत्या जमिनीवरून केली असती, तर बाहेरच्या भिंतीला तेवढंच खाली भोक पडलं असतं. थिंबलची (पाइप भिंतीतून नेणाऱ्या नळकांड्याची) खूण स्टोव्ह बैठकीवर उभा राहिल्यावरच करायची, आणि पाइपापासून लाकडाचं अंतर पाइपावर छापलेलं असतं तेवढं ठेवायचं. स्टोव्ह वर चढवतानाही लाद्यांवर पुठ्ठा आणि प्लायचा तुकडा टाकला. सांध्यांवरून ओढला नाही.

तपासनीस आला, टेप लावली, पट्टीच्या आतून मोजलं आणि सही करून गेला. सात मिनिटं.

बर्न-पॉट (पेलेट जळतात ते भांडं) खरवडताना पहिल्याच आठवड्यात एक निखारा लादीवर पडला. काळा डाग ओल्या फडक्याने निघाला. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, बादली बाहेर दगडावर, हेही तुमचंच. उरलेल्या दोन लाद्या खोक्यासकट पेलेटच्या गोण्यांमागे ठेवल्या आहेत, खोक्यावर लॉट नंबर आहे. सिलिकॉन पहिल्या हिवाळ्यानंतर उजव्या कोपऱ्यात सुटेल असं तुम्ही म्हणाला होतात. एप्रिलमध्ये बघून कळवतो.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमचे,
बैठकीवरचे सगळे